वाळिंबे सर आणि मुक्ताच्या गाडीचं तेल

तमाम पुणेकर दुचाकीस्वारांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत चुकीचं तेल आहे आणि आपण आजवर जिवंत आहोत ते निव्वळ पूर्वपुण्याईवर. हे निवेदन माझं नव्हे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे वाळिंबे सर रोज सकाळी पार्किंगमध्ये ते जाहीर करतात. ऐकायला कोणी असलंच पाहिजे अशी त्यांची अट नसते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या मोटरसायकलशेजारी उकिडवे बसलेले. आम्ही राहायला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. या अनोळखी गृहस्थांनी माझ्या इंजिनाचं झाकण फिरवून तेल मोजायची काडी बाहेर काढली होती, ती स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र रुमालाला पुसली होती आणि आता ते त्या डागाचा डोळे मिटून वास घेत होते. मी खाकरलो. ते मुळीच ओशाळले नाहीत. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "पाहिलं तुमचं तेल. धीर धरा."

मी धरला. पण त्या दिवसापासून गाडी सुरू करताना माझा हात आधी छातीवर जातो आणि मग किल्लीवर.

सर खरं म्हणजे सर नव्हेत. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते छत्तीस वर्षं सहायक होते. आता कोणीतरी ॲसिड सांडणार, आता सांडणार, म्हणून ते छत्तीस वर्षं बाटल्यांच्या कपाटापुढे श्वास रोखून उभे राहिले. सांडलं एकदाही नाही. एका बाटलीच्या जागी दुसरी बाटली कधी गेली नाही. त्यामुळे निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडची सगळी भीती न वापरता शिल्लक होती. ती त्यांनी इंजिन ऑइलमध्ये ओतली.

"शेडगे," ते मला म्हणत, "इंजिनात आत काय चाललंय ते दिसतं का आपल्याला? नाही ना? मग घाबरा!"

'घाबरा' हा त्यांचा आशीर्वाद होता. लहानथोर सगळ्यांना मिळायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या देवधर बाई एकदा सहज बोलून गेल्या, "सर, माझ्या स्कूटरमध्ये मेकॅनिक घालेल ते तेल असतं बाई." सरांनी खांबाचा आधार घेतला. "घालेल ते? उद्या ताटात वाढतील ते खाल का?"

"खाते की," बाई म्हणाल्या. "सासूबाई आहेत अजून घरात."

पण तेव्हापासून त्यांच्या स्कूटरचं तेल सरच बदलतात. सर स्वतः मात्र बसने जातात. एवढं सगळं कळल्यावर कोण गाडी चालवेल?

बाजारातल्या डब्यावर त्यांचा विश्वास नाही. नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानातून तेल आणायचं, डब्याचं सील भिंगाखाली तपासायचं, मग ते तेल प्रयोगशाळेतल्यासारख्या तपकिरी काचेच्या बाटलीत ओतून वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावायची. मग परीक्षा. थेंब टिपकागदावर सोडून किती पसरतो ते पाहायचं. बाटली बर्फात ठेवून थंडीत वाहतं का ते पाहायचं. त्यांच्या मुलीने घरच्या फ्रीजमध्ये तेल ठेवायला बंदी घातल्यावर ती बाटली आमच्या फ्रीजरमध्ये आली, मटारशेजारी. आमच्या हिने आठवडाभर सोसलं. मग एक दिवस सरांना विचारलं, "तेल उत्तम आहे ना? मग आज फोडणी यातच घालते."

सरांनी गंभीरपणे नकार दिला. घसा बसेल म्हणाले.

ही मुलगी म्हणजे मुक्ता. बायको गेल्यापासून घरात बाप आणि लेक, दोघंच. मुक्ता वडिलांच्या अगदी उलट. भीती नावाची गोष्ट घरात एकाच माणसाने संपवून टाकल्यामुळे तिच्या वाट्याला आलीच नसावी. तिला कोल्हापूरला नोकरी मिळाली आणि तिने जाहीर केलं, की सामान पाठीमागे बांधून आपण आपल्या लाल मोटरसायकलवरून जाणार.

सर म्हणाले, "आधी तेल ठरू दे."

आणि तेल ठरेना! गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, दहा डब्ल्यू तीस या दाटपणाचं तेल. "पुस्तिका लिहिणाऱ्याने वाटेतला खंबाटकी घाट पाहिलाय का?" सरांनी विचारलं. मग जरा दाट तेल आणलं. ते थंडीत जड जाईल म्हणून नाकारलं. मग महागातलं सिंथेटिक. ते फारच गुळगुळीत, माणसाने इतकं गोड बोलू नये तसं. मुक्ताच्या बॅगा भरून दाराशी उभ्या, रुजू व्हायचा दिवस तोंडावर, आणि सर टिपकागदावर थेंब सोडतायत.

"बाबा, तेल निवडतोयस की जावई?" मुक्ताने विचारलं.

"जावई बदलता येतो," सर म्हणाले.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी पुस्तिकेतलंच तेल घातलं. रविवारी सकाळी सहाला मुक्ता निघाली. साडेसहाला माझी बेल वाजली. दारात सर. अंगात स्वेटर, खाली पायजमा, डोक्यावर हेल्मेट आणि हातात कापडी पिशवीतली तपकिरी बाटली.

"शेडगे, घात झाला. तिच्या गाडीत मी स्कूटरचं तेल ओतलं. तिचं तेल या बाटलीतच राहिलं!"

आता सरांच्या शेजारी राहून मलाही थोडं कळू लागलं होतं. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या त्याच तेलात बुडालेला असतो. स्कूटरचं तेल जास्त निसरडं. ते त्यात गेलं, तर सपाटीला काही वाटत नाही, पण चढावर, पाठीवर ओझं असताना, क्लच घसरू लागतो. इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

"मागून ट्रक येत असतात हो," सर म्हणाले.

"फोन करा तिला!"

"चालवताना फोन वाजला तर दचकेल."

"मेसेज करा."

"वाचायला खाली बघेल."

"मग काय पाठीमागे जाऊन हाका मारणार?" आमची ही आतून म्हणाली. टोमणाच होता. सर माझ्याकडे वळले. "वहिनी बरोबर बोलतायत. चला."

मी आयुष्यात पुष्कळ भित्री माणसं पाहिली आहेत, पण मोटरसायकलवर मागे घेऊन कधी फिरलो नव्हतो. कात्रजच्या बोगद्यात सरांनी माझ्या पोटाला अशी मिठी मारली की मला श्वास आणि ब्रेक यांतलं एकच काहीतरी निवडावं लागलं. "हळू, शेडगे!" आणि लगेच, "ती घाटाला लागली असेल, जोरात!" दोन्ही आज्ञा मी एकदम पाळत होतो. रस्त्याकडेला थांबलेली गाडी दिसली की सर डोळे मिटत. "लाल आहे का? तुम्ही बघा." मी म्हणायचो, नाही. मग पुढची.

शिरवळच्या अलीकडे गर्दी दिसली. एक मोटरसायकल आडवी पडलेली, भोवती माणसं. सर या वेळी काही विचारायलाच तयार नाहीत. त्यांचं हेल्मेट माझ्या पाठीत रुतलं होतं. इतका वेळ मी हा किस्सा कोणाकोणाला कसा रंगवून सांगायचा याची मनात तालीम करत होतो. ती तालीम तिथेच थांबली. मी ब्रेक दाबला.

गाडी काळी होती. तिचा मालक कडेला बसून पाणी पीत होता.

"लाल नाही," मी म्हणालो. सरांनी तेव्हा कुठे हेल्मेट माझ्या पाठीवरून उचललं.

घाटाच्या पायथ्याशी एका हॉटेलसमोर लाल मोटरसायकल सुखरूप उभी होती, आणि बाहेरच्या बाकावर मुक्ता मिसळ खात होती.

"बाबा? शेडगेकाका? काय झालं?"

सर तिच्याकडे न बघता गाडीपुढे गुडघ्यांवर बसले. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातले म्हातारे मिस्त्री उठून आले. "काय झालंय गाडीला?"

"तेल बदलायचंय. आत्ताच्या आत्ता."

मिस्त्रींनी मुक्ताकडून किल्ली घेतली, गाडी सुरू केली, समोरच्या उंचवट्यावर चढवून परत आणली. "काय बी झालं नाय. क्लच झ्याक धरतोय. तेल चांगलं हाय की."

"घाटात कळेल!" सरांनी बाटली पुढे केली. "हे घाला."

बाटली मुक्ताने मधल्यामध्ये घेतली आणि चिठ्ठी वाचली. "बाबा, हे तुझंच अक्षर ना? 'स्कूटर, देवधर.' आणि बाटली काठोकाठ भरलेली आहे. म्हणजे माझ्या गाडीत बरोबर तेल आहे. चुकीचं तू आत्ता घालायला निघालायस!"

"आता खरा मुक्काम पडला असता घाटात," मिस्त्री हसत म्हणाले.

मीही हसलो. जीव भांड्यात पडला होता ना! पण सर हसले नाहीत. छत्तीस वर्षांत एक बाटली न चुकलेला तो माणूस खाली मान घालून रुमालाने स्वच्छ हात पुसत बसला होता.

मुक्ता त्यांच्याशेजारी मातीत बसली. "साठ किलोमीटर मागे बसून आलास तू? तू? बसमध्येसुद्धा दोन्ही हातांनी दांडा धरणारा माणूस!" मग हळू आवाजात तिने विचारलं, "गाडीला काही झालेलं नाहीये, बाबा. जाऊ ना मी?"

आणि आमचे वाळिंबे सर एकदम अशा काही आवाजात बोलले, की बाकांवर मिसळ खाणाऱ्यांचे हात जागीच थांबले.

"जा ना! गाडीला कुठे काय झालंय? मला एकट्याने जेवायची भीती वाटते!"