कॅमेऱ्याच्या मागं

देवळाली प्रवरातल्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या ज्ञानेश्वरीला कंपनीनं नवा कॅमेरा पाठवला. पुण्यात प्रणिता मॅडम डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा चढवणार आणि मान वळवतील तिकडची खोली त्यांना दिसणार, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. ज्ञानेश्वरीनं चार्जिंगचं पान वाचून ते बाजूला ठेवलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरची गोल काच तिला शोभेची वाटली, तरी ती तिनं फडक्यानं लख्ख पुसली. मग समोरची भिंत आवरून सगळा पसारा आणि सासूबाई कॅमेऱ्यामागं बसवल्या.

पुण्याला ऑफिसात येणार की नाही, हे मॅडम आज विचारणार होत्या. ज्ञानेश्वरीला घर सोडायचं नव्हतं, पण तसं तोंडावर सांगायची छाती नव्हती. तिनं सगळ्यांत सोयीची सबब निवडली.

"मी एका पायावर तयार आहे, मॅडम. पण सासूबाई सोडतच नाहीत. फार कडक आहेत."

मेथी निवडणाऱ्या छबूबाईंचा हात थांबला. या बाईनं सुनेला आजवर एका शब्दानं दुखवलं नव्हतं. त्या उठून दोन्ही हातांनी 'जा, जा' अशा खुणा करू लागल्या. सुनेनं डोळे वटारले. तिला कळलं नसावं म्हणून छबूबाईंनी पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत चालूनही दाखवलं.

लॅपटॉपवर मॅडमचा चेहरा हळूहळू फिरला. मग कान दिसला, मग नुसता अंबाडा.

"मावशी," अंबाडा म्हणाला, "तुम्ही तर जा म्हणताय!"

छबूबाईंनी पदर सावरला. "मी दिसती व्हय तुमाला?"

"पिशवीसकट."

ज्ञानेश्वरीचा चेहरा रडवेला झाला. तो बघून छबूबाईंना सगळं उमगलं.

"न्हाई सोडनार!" त्या एकदम गरजल्या. "लई कडक हाय मी, इचारा कुनालाबी! ज्ञानू, सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तू. आदी लाडू खा."

अंबाडा बराच वेळ गदगदत राहिला. "राहा गं घरीच," मॅडम कशाबशा म्हणाल्या. "असल्या कडक सासूपुढं माझं काय चालणार!"

मीटिंग संपताच ज्ञानेश्वरी सासूच्या गळ्यात पडली. "चुकलं माझं, आई. उगाच तुमचं नाव घेतलं."

"त्याचं काय न्हाई गं." छबूबाई पुन्हा मेथीपाशी बसल्या, पण निवडलेली पानं देठांत टाकू लागल्या. "पन आदी मला इचारायचं तरी. तुझ्यासंगं मलाबी पुन्याला ऱ्हायला मिळावं म्हनून मी देवाला नारळ बोलले हुते."