लटारूजींच्या चष्म्याची चौकशी

लटारूजींचा चष्मा माकडाने फोडला. लटारूजींची चूक एवढीच, की चष्मा अंगणातल्या बाजेवर ठेवून ते तोंड धुवायला वळले. माकडाने चष्मा उचलला, छपरावर नेला, डोळ्यांपुढे धरून पाहिला आणि पसंत न पडल्यासारखा खाली टाकला. खाली त्यांच्या बायकोचा, इंदिराबाईंचा पाटा होता.

"घ्या!" इंदिराबाई म्हणाल्या. "हजारदा सांगतलं का चष्मा खुटीले लटकवत जा. आता विहारात काय वाचसान?"

खरी अडचण तीच होती. वर्षावास अर्धा झाला होता. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत पळसझरीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई, आणि वाचायला लटारूजी रामटेके बसत. वनमजुरी करण्यात सारा जन्म गेलेला माणूस, पण आवाज खणखणीत. गावात त्यांना दुसरा कोणताच मान नव्हता आणि त्यांना दुसरा नकोही होता. त्यांच्या आसनावर डोळा ठेवून निवृत्त ग्रामसेवक गुणवंतराव वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत बसत आले होते. एकदा लटारूजी तापाने पडले तेव्हा गुणवंतरावांनी वाचून घेतले होते. पांघरूण घेऊन ऐकायला आलेले लटारूजी घरी जाऊन म्हणाले होते, "तो गुणवंत पदरचं घालते ग्रंथात!" आणि त्या रागानेच त्यांचा ताप उतरला होता.

धानाच्या रोवणीत घरातला सगळा पैसा गेला होता. नवा चष्मा दिवाळीआधी जमणार नव्हता. वयस्कांचा चष्मा फुटला तर सरकार मदत करते असे इंदिराबाईंनी बचत गटात ऐकले होते. म्हणून फुटका चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोघे बसने तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथे कुलदीप नावाचा तरुण बाबू होता.

"चष्मा कसा फुटला?" कुलदीपने विचारले.

"माकडानं फोडला जी."

कुलदीपचा पेन थांबला. "माकड म्हणजे वन्यप्राणी. मग हे प्रकरण आमचं नाही, काका. वनखात्याचं आहे."

"तिथी जाऊनच आलो. ते म्हणते, पीक पायजे, ढोर पायजे, नाई तं माणूस पायजे. चष्मा कशातच बसून नाई राह्यला."

"मग माणसाचं नुकसान म्हणायचं होतं."

"त्याच्यासाठी माकडानं चावाले पायजे होतं!" इंदिराबाई भडकल्या. "चावून घेऊ का? अजून आमच्या छपरावरच हाये ते."

कुलदीप मनाने वाईट नव्हता. त्याने अर्जात 'चष्मा पडून फुटला' असे लिहिले, आणि ते खोटेही नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी जोडली, फुटका चष्मा पाहून परत दिला आणि म्हणाला, "आता एकच राहिलं. मी गावात येऊन चौकशी करणार. तुम्हाला दिसत नाही, हे लोकांनी सांगितलं पाहिजे."

"कधी येसान जी?"

"सांगून आलो तर ती चौकशी कशी होईल?"

बसमधून उतरता उतरता इंदिराबाई म्हणाल्या, "विहारात आजच सांगून टाका. चष्मा येईपर्यंत गुणवंतभाऊ वाचतीन."

"अन् चष्मा आल्यावर तो उठन का तिथून?" लटारूजी म्हणाले. गुणवंतराव उठले नसते हे इंदिराबाईंनाही ठाऊक होते.

त्या संध्याकाळी लटारूजी पांढरा सदरा घालून आसनावर बसले आणि खुणेचा दोरा होता तिथे ग्रंथ उघडला. पानावर नुसता धूर दिसत होता. त्यांनी घसा खाकरला, आदल्या दिवशीचे शेवटचे वाक्य आठवले, आणि काय सांगावे, पुढचे वाक्य आपोआप तोंडात आले. त्याच्यापुढचेही आले. इतक्या वर्षांचे वाचन जिभेवर जाऊन बसले होते. अंदाजाने मधून मधून पान उलटले की झाले.

वाचन संपल्यावर बायांमधल्या ठमाबाईंनी विचारले, "लटारूभाऊ, चष्मा कुठी गेला जी?"

गुणवंतराव पुढे झुकले. 'माकडानं फोडला' एवढे दोन शब्द सांगायचे होते. पण गुणवंतरावांचा झुकलेला चेहरा दिसला आणि लटारूजी बोलून गेले, "गरज नाई पडत आता. डोळे सुधरले."

"अगा माय! कशानं?"

एक थाप मारली की दुसरी मारावीच लागते. "शेवग्याचा पाला खाऊन राह्यलो," लटारूजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाई अंगणात आल्या तर शेवग्याखाली निम्मा मोहल्ला जमलेला. कोणी टोपली आणली होती, कोणी फांद्या ओढायची आकडी. आठवडा संपायच्या आत झाडावर नुसत्या काड्या राहिल्या.

"सरकारले सांगता दिसत नाई, गावाले सांगता दिसते," इंदिराबाई करवादल्या. "तो बाबू आला तं काय सांगसान?"

"तो कायले येते? सरकारी माणूस हाये," लटारूजी म्हणाले.

पण कुलदीप आला. सरकारी माणूस वेळेवर यायचा नाही, ही सगळ्यांना असलेली खात्री नेमकी लटारूजींच्या वेळी खोटी ठरली. संध्याकाळी गावाच्या तोंडाशीच त्याने मोटारसायकल थांबवली आणि विहाराकडे निघालेल्या बाईंना विचारले, "लटारूजी रामटेक्यांना दिसत नाही म्हणे?" त्या ठमाबाई होत्या.

"कोण म्हणते?" ठमाबाई उसळल्या. "बिनचष्म्यानं ग्रंथ वाचते तो माणूस! चाला, दाखवतो तुमाले."

विहारात वाचन रंगात आले होते. कुलदीप मागे भिंतीशी बसला. लटारूजींना जवळचे दिसत नसे, लांबचे मात्र लख्ख दिसे, त्यामुळे कुलदीप त्यांना बॅगेसकट दिसला. वाचत राहावे तर चष्मा गेला, थांबावे तर आसन गेले. त्यांनी मधला मार्ग काढला. थोडे अडखळायचे. बाबूला वाटावे दिसत नाही, गावाला वाटावे घसा बसला.

"चालता चालता तथागत थांबले..." लटारूजींनी वाचले आणि डोळे बारीक करून पान जवळ नेले. "थांबले..."

"मोहाच्या झाडाखाली!" सगळा विहार एका सुरात म्हणाला.

लटारूजींनी पुढच्या वाक्यात मुद्दाम एक शब्द चुकवला. तो ठमाबाईंनी दुरुस्त केला. तिसरे वाक्य त्यांनी अर्धवट सोडले, ते बायांनीच पुरे केले. या गावात माणसाला धड अडखळताही येत नव्हते.

कुलदीप उभा राहिला. "काका, तुम्हाला तर चांगलं दिसतं की." त्याने बॅगेची चेन लावली.

इंदिराबाईंचा धीर सुटला. "काई दिसत नाई त्याइले! इतके दिवस तोंडपाठ म्हणून राह्यले!"

लटारूजींनी मान खाली घातली. "हो," ते म्हणाले. "एक अक्षर दिसत नाई मले."

"मंग आमी पाला कायले खाल्ला?" ठमाबाईंनी विचारले.

गुणवंतराव सावकाश उठले. त्यांनी चष्मा पुसला, लटारूजींसमोरचा ग्रंथ उचलला आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "आता जे लिहून हाये ते वाचू. चालता चालता तथागत थांबले आमराईत."

"मोहाच्या झाडाखाली!" विहार म्हणाला.

"इथी आमराई लिहून हाये."

"तुमची सवयच हाये भाऊ पदरचं घालाची," ठमाबाई म्हणाल्या.

गुणवंतराव लालबुंद झाले. त्यांनी उघडा ग्रंथ लटारूजींच्या नाकाशी नेला. "पाह्य, लटारू! तूच पाह्य!" लटारूजींनी ग्रंथ जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, हात पुरेल तितका लांब धरला. शेवटी तो कुलदीपच्या हातात गेला, कारण या भांडणात त्याचे कोणाशी नाते नव्हते.

"आमराईच आहे," कुलदीप म्हणाला. त्याने पान उलटून आणखी चार ओळी वाचल्या. पुढे येणाऱ्या रोवणीच्या बाया, ज्यांची पळसझरीला इतक्या वर्षांची ओळख होती, त्याही ग्रंथात नव्हत्या.

लटारूजींनी कपाळाला हात लावला. चष्मा फुटला तेव्हा त्यांना इतके वाईट वाटले नव्हते. "म्हंजे पदरचं मीच घालत होतो?" ते पुटपुटले. इंदिराबाई नवऱ्यावरचा आठवडाभराचा सगळा राग विसरल्या. त्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला.

कुलदीपने तिथेच मांडीवर कागद ठेवून लिहिले, 'अर्जदारास चष्म्याची तातडीने आवश्यकता आहे.'

'तातडीने' या शब्दाला तो जागला. अश्विन पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना चष्मा आला. तोवर गुणवंतरावांनी वाचले आणि रोज दर वाक्याला विहाराकडून दुरुस्त्या ऐकल्या. ज्या आसनासाठी त्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली, ते त्यांनी स्वतः झटकून लटारूजींपुढे केले. "बस बापा तुझ्या जागेवर," ते म्हणाले. "माह्याच्यानं नाई होत."

लटारूजींनी नवा चष्मा चढवला. अक्षरन् अक्षर दिसत होते. ओळीखाली बोट धरून त्यांनी ग्रंथात होते तेच वाचले, पदरचा एक शब्द घातला नाही. वर्षानुवर्षांची चूक भरून काढायची होती.

दोन पाने झाल्यावर बायांत कुजबुज सुरू झाली. ठमाबाईंनी हात वर केला.

"लटारूभाऊ, इथी त्या रोवणीच्या बाया पुन्हा भाजीभाकर घेऊन येत होत्या ना जी? त्या कुठी गेल्या?"

"त्या ग्रंथात नाईत, बाई. मीच घातल्या होत्या."

ठमाबाईंनी बाकीच्या बायांकडे पाहिले. बायांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेतून गुणवंतरावांनीही हलवली.

"मंग तो चष्मा काढून ठेवा भाऊ," ठमाबाई म्हणाल्या, "अन् नीट वाचा."