एका मिक्सरने खाल्लेले चार हजार युनिट

बातमी आली तेव्हा घड्याळजी दाढी करत होते. दुकानाला सुट्टी, घरात शांतता, गालाला फेस. बायकोच्या फोनवर वीज कंपनीचा निरोप आला, की या महिन्यात मीटर वाचायला माणूस येणार नाही. ज्याने त्याने आपापलं रीडिंग घेऊन आजच कळवावं.

"तेवढं तुम्ही बघा," बायको म्हणाली. "अकरा वाजता माझी मुलाखत आहे. मला हाक मारू नका, दारावर टकटक करू नका, काही म्हणजे काही करू नका."

मुलाखत मुख्याध्यापिकेच्या जागेची होती, तीही कॉम्प्युटरवर. यापूर्वी दोनदा ती जागा तिच्या हातातोंडाशी येऊन दुसऱ्याच्या पदरात पडली होती. आज ती सकाळपासून चहासुद्धा न पिता बसली होती.

घड्याळजी मात्र खूश झाले. मीटर वाचणं हा त्यांचा प्रांत! जुन्या घरी चार छोट्या तबकड्यांचा मीटर होता. शेजारशेजारच्या तबकड्यांचे काटे उलटसुलट दिशांना फिरायचे, आणि काटा दोन आकड्यांच्या मध्ये अडकला की लहान आकडा धरायचा. ते वाचायला अख्खी गल्ली यांना बोलवायची. पुढे आकड्यांच्या चाकांचा मीटर आला. तो तर पोरखेळ. डावीकडून वाचत जायचं आणि शेवटचा लाल आकडा सोडून द्यायचा. आता घराबाहेर जिन्याखाली नवा मीटर बसला होता, पडद्याचा. (काटे नसलेल्या वस्तूंवर घड्याळजींचा मुळातच राग. तसली घड्याळं ते दुकानात घेतही नसत.)

उजेडासाठी बायकोचा फोन उचलून ते जिन्याखाली शिरले. पडद्यावर एक आकडा दिसे, तो वाचेपर्यंत दुसराच येई. खाली एक बटण होतं. ते दाबून धरल्यावर एक आकडा जागेवर थांबला. पण थांबला कसला, धावत होता! एक लाख पाच हजार आठशे सत्तावन्न... अठ्ठावन्न... एकोणसाठ... मध्ये मध्ये काही ठिपके होते, ते धूळ समजून त्यांनी बाहीने पुसले. जाईनात, तेव्हा काचच खराब म्हणून सोडून दिले.

एवढ्यात आकडा टुणकन उडून थेट नऊशेवर गेला. एका दमात एक्केचाळीस युनिट!

"आई!" ते ओरडले. "आत्ता काय लावलंत?"

"पंखा लावला, जावईबापू," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

"बंद करा! फ्रीज बंद करा! सगळं बंद करा!"

सासूबाईंनी पंखा बंद केला, फ्रीज बंद केला. आकडा धावतच होता. मग त्यांना आठवलं, टोमॅटो वाटायचे राहिलेत. जाऊ दे, चटकन उरकून घेऊ, म्हणून त्यांनी मिक्सरचं बटण दाबलं. घर्रर्र झालं आणि त्याच क्षणी जिन्याखाली आकडा एकदम एक लाख दहा हजारांवर जाऊन आदळला.

"चार हजार युनिट!" घड्याळजींचा आवाज चिरकला. "आई, एका मिक्सरला चार हजार?"

"अहो, दोनच टोमॅटो आहेत!"

घड्याळजींनी झेप घेऊन मेन स्विच खाली ओढला.

घर गपगार झालं. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "नमस्कार, मी..." आणि तोही तिथेच थांबला.

घड्याळजी पुन्हा मीटरपाशी धावले. मेन बंद, तरी आकडा धावतोय! इतक्यात हातातला फोन वाजला. "कोण? कुठले अध्यक्ष? अहो, इथे आमचं घर जळतंय, नंतर करा!" म्हणून त्यांनी तो कापला.

बायको बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून, आरडाओरड ऐकून बाहेर आलेल्या सासूबाई हातातल्या भांड्यासकट मागे सरकल्या.

"वीज कोणी घालवली?"

"चोरी होतेय चोरी! हे बघ, मेन बंद आहे तरी चढतोय. आणि त्याआधी तुझ्या आईचा मिक्सर..."

"तो मिक्सर तुमच्या सासऱ्यांनी आणलाय," सासूबाई म्हणाल्या. "ते असते तर असलं बोलणं ऐकून घेतलं नसतं."

बायको पडद्याकडे टक लावून बघत होती. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हे घड्याळ आहे. ठिपक्यांच्या मध्ये तास, मिनिटं, सेकंद. अकरा वाजून दोन मिनिटं. मिक्सर लावला तेव्हा नुसते अकरा वाजले."

"घड्याळ?" घड्याळजी म्हणाले. "मग काटे कुठायत?"

सासूबाई आधी फिसकन हसल्या, मग मटकन पायरीवरच बसल्या. फोन पुन्हा वाजला. बायकोने तो हिसकावून घेतला.

"बाई, आग विझली का?" मुलाखत समितीचे अध्यक्ष घाबरून विचारत होते.

बायकोने तोंड उघडलं, आणि सकाळपासून दाबून धरलेलं सगळं हसू बनून बाहेर पडलं. हसत हसतच तिने खरं काय ते सांगितलं. पलीकडे समितीतले पाचही जण खो खो हसत सुटले. मग जिन्याखाली उभ्या उभ्याच मुलाखत झाली. 'घरच्यांना सांभाळण्याचा अनुभव?' असं कुणी विचारलं नाही. त्यांनी तो नुकताच ऐकला होता.

जागा तिला मिळाली. रीडिंग सासूबाईंनी कळवलं. बटणाला हात न लावता त्या उभ्या राहिल्या, केडब्ल्यूएच, म्हणजे युनिट, अशी अक्षरं असलेला आकडा आल्यावर टिंबापुढचं सोडून बाकीचं लिहून घेतलं, इतकंच. नव्या मुख्याध्यापिकेने पहिल्याच आठवड्यात शाळेचं बंद पडलेलं मोठं घड्याळ दुरुस्तीला दिलं, ते बाजारातल्या दुसऱ्या घड्याळजीकडे.

मिक्सरबद्दल सासूबाईंची माफी मागायची मात्र घड्याळजींची अजून राहिली आहे.