पटले सरांचे उंदीर

मुर्री गावच्या पटले सरांना कुणी "आज फार गरम होतंय" म्हटलं, तरी ते विचारत, "पुरावा?" लग्नाच्या पंगतीत यजमान जिलेबी वाढताना "अस्सल तुपातली" म्हणाले, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. त्यानंतर त्यांना पंगतीची बोलावणी कमी येऊ लागली. सरांच्या मते तेवढाच वेळ वाचला.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. केस पिकल्यावर त्यांना पीएचडीचं वेड लागलं. "हृदय नुसता पंप नाही भाऊ, ग्रंथी आहे ग्रंथी!" हे ते मला सांगत, आणि मी सटकलो की पानवाल्याला सांगत. "स्वादुपिंड सुजलं का पेशींना आतून गंज चढते. हृदयातलं संप्रेरक तो गंज थांबवते का, ते पाहून राहिलो." सुट्टी लागली की ते नागपूरला जात आणि पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करत. गावात त्यांचं नाव 'चूहेवाले सर' पडलं. ते मीच पाडलं होतं.

मग माझंच स्वादुपिंड सुजलं. पित्ताचा खडा अडकला, पोटातली कळ पाठीत घुसली आणि मी दवाखान्यात नळ्यांसकट आडवा झालो. पाण्याचा घोटही बंद. डॉक्टर बायकोशी दाराबाहेर हळू आवाजात बोलले. हळू बोललेलं रोग्याला फार स्पष्ट ऐकू येतं. "किडनी बंद पडली, तर मग सांगता येत नाही."

मेहुणा मात्र जोरात होता. "कुछ नहीं होता जीजाजी, दो दिन में चकाचक!"

दारातून आवाज आला, "पुरावा?"

बायकोने हातच जोडले. "सर, आज तरी नको ना."

सर खुर्ची ओढून बसले. मेहुणा चहाला गेला, बायको औषधं आणायला. पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी सकाळपासून कोरडी होती, आणि सर तिच्याकडेच टक लावून बघत होते. मला त्या बघण्याचीच भीती वाटली. पुढे काय होतं ते या माणसाने कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"सर," मी कसंबसं विचारलं, "तुमचे उंदीर वाचले का हो?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाचले."

"किती?"

"सगळे."

"पुरावा?"

"मी सांगून राहिलो ना!" सर खेकसले. मग त्यांनी माझा हात धरला, तो बायको परत येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी पिशवीत थेंब पडू लागले.

बरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ताक दिलं. मी म्हटलं, "सरांचे सगळे उंदीर वाचले, हे ऐकून मलाही धीर आला."

वहिनी बघतच राहिल्या. "कोनते वाचले भाऊ? स्वादुपिंड पाहाले तं सगळ्याईले कापाच लागते. कापून आले का दोन-दोन दिवस जेवत नव्हते हे."

तेवढ्यात सर आतून आले. "काऊन भाऊ, कसे आहात?"

"एकदम ठणठणीत," मी म्हणालो.

त्यांनी पुरावा मागितला नाही.