मागून बघणारे बेनकर

प्रत्येक गोष्टीचं खरं रूप तिच्या मागच्या बाजूला असतं. हा सिद्धान्त एखाद्या ऋषीला शोभेल असा आहे. प्रत्यक्षात तो विजेचे मीटर तपासून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा आहे, आणि त्यांनी तो मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा ते माझ्या फ्रिजच्या मागे अडकले होते.

फ्रिज नवा होता. बेनकर वरच्या मजल्यावरून आमच्या पहिल्या मजल्यावर तो बघायला आले. पुढून त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पुढून सगळं ब्येसच असतंय," म्हणत ते भिंत आणि फ्रिज यांच्यामधल्या फटीत शिरले. आत गेले, पण बाहेर येताना पोट आडवं आलं. त्यांना काढायला मी आणि माझी बायको दोघंही लागलो. बाहेर आल्यावर त्यांनी शर्टावरची धूळ झटकली आणि अभिप्राय दिला, "मागं पत्रा पातळ हाय."

वीजचोरी पकडणाऱ्या पथकात बेनकरांची उभी हयात गेली. पुढून निरागस दिसणाऱ्या मीटरच्या मागे त्यांनी इतक्या तारा पाहिल्या, की जगाच्या पुढच्या बाजूवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. गणपतीतले देखावे ते मांडवाच्या मागून बघतात. तिथे बांबू, सुतळ्या आणि जेवणाचा डबा उघडून बसलेले कार्यकर्ते असतात. बेनकर त्यांच्याशी चार शब्द बोलून समाधानाने परततात. लग्नाला गेले की स्टेजच्या मागे जातात. आमच्या सोसायटीतल्या चार लग्नांच्या अल्बममध्ये वधूवरांच्या खांद्यांमधून त्यांचं टक्कल दिसतं. डॉक्टरांनी एकदा त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यावर लावला, तर हे दिव्याच्या मागे जाऊन उभे. डॉक्टर आता त्यांना फोनवरच तपासतात.

धायरी हे गाव होतं तेव्हापासूनचे ते रहिवासी. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचा हरभरा असायचा. त्यामुळे इमारतीबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नाही. "खाली काय हाय ते मला म्हाईत हाय," एवढंच ते म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे वाक्य ऐकलं की अध्यक्षांना पाणी लागतं.

मुलगा हिंजवडीला असतो. त्याला मूल झालं तेव्हा बेनकर वहिनी नातवासाठी तिकडे गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. बेनकरही गेले होते. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन परत आले. कारण विचारलं तर म्हणाले, "चौदावा मजला. खिडकीच्या मागं जाता येत न्हाई." कारण त्यांच्या स्वभावाला धरून होतं, म्हणून आम्ही कोणी दुसरं विचारलं नाही.

आमच्या मुलाची खोली गेल्या वर्षी आम्ही तेजस्विनीला राहायला दिली. ती पुसदची. इथे डिझाइनच्या कॉलेजात शिकते. वडिलांचं तिकडे कापडाचं दुकान आहे, आणि डिझाइन म्हणजे साडीच्या काठावर असतं ते, अशी त्यांची पक्की समजूत आहे. ह्या सत्रात नापास झाली तर परत यायचं आणि दुकानात बसायचं, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

त्या सत्रात तिला प्रकल्प मिळाला तो असा : सार्वजनिक जागेतील संवादात्मक ब्रँड-अनुभव. चार शब्दांत इतकं काही न सांगणं सोपं नाही. मी अर्थ विचारला.

"काका, म्हणजे लोकांनी जाहिरात पाहायची नाही, जगायची."

"आणि विकायचं काय?"

"लोणचं."

मला जरा हायसं वाटलं. कंपनी काल्पनिक होती, नाव ‘आंबट-बिंबट’. तिने सोसायटीसमोरच्या बागेत ठेवायला माणसाच्या उंचीची फायबरची बरणी बनवली. आपल्या जुन्या चिनी मातीच्या बरण्यांसारखी, गळ्याशी तपकिरी आणि खाली पांढरी. पोटावर प्रश्न : तुम्हाला कोणाच्या हातचं लोणचं आठवतं? बाजूला एक भोक होतं. तिथे तोंड नेऊन उत्तर द्यायचं. मग बरणी ‘धन्यवाद, आंबट-बिंबट’ म्हणणार आणि आपल्याला आधीच्या कुणाचं तरी उत्तर ऐकवणार. आतला माइक, स्पीकर वगैरे सामान तिने बुधवार पेठेतून आणलं होतं. मागे एक छोटं दार, आणि दारात आकडा मोजणारं यंत्र. माणूस पाच सेकंदांपेक्षा जास्त बोलला की आकडा एकाने पुढे सरकायचा. दहा दिवसांत शंभर उत्तरं हवी होती. त्याहून कमी भरली तर परीक्षक प्रकल्प हातातही घेणार नव्हते.

बरणी बसली त्या सकाळी बेनकर अर्थातच तिच्या मागे होते.

"ह्ये काय मोजतंय?" दार उघडून ते म्हणाले.

"किती जण बोलले ते, काका," तेजस्विनी म्हणाली.

"आन् बोललेलं जातंय कुठं?"

"आत एक कार्ड आहे, त्यात राहते."

"कार्ड कुणाचं?"

"माझंच."

"आन् कंपनी?"

"कंपनी नाहीच आहे काका. ते असं धरून चालायचं."

बेनकर माझ्याकडे वळले. "कंपनी न्हाई. माल न्हाई. दुकान न्हाई. तरी बोला म्हणत्यात. सर, ह्यो सरळ मामला न्हाई."

त्यानंतर ते समोरच्या बाकावर बसले, ते तीन दिवस उठले नाहीत. कोणी बरणीकडे वळलं की ते बसल्या जागेवरून सांगत, "बोलायचं असलं तर बोला. आवाज आत ऱ्हातो." त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर लोक घाबरत. फिरायला येणाऱ्या बायका बरणीला लांबून वळसा घालू लागल्या. एक गृहस्थ प्रश्न मोठ्याने वाचून "घरी जाऊन सांगतो" म्हणाले आणि गेले.

चौथ्या दिवशी बेनकरांनी पंचनामा केला. ही त्यांची नोकरीतली सवय. संशय आला की आधी कागद. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, आणि त्यांची बोली कागदावर येताच कोट-टोपी घालते :

‘समक्ष पाहणी केली असता सदर बरणी उभ्या स्थितीत आढळून आली. बरणीत लोणचे आढळून आले नाही. तिच्या मागील बाजूस आकडे दर्शविणारे यंत्र असून ते कोणाच्या हिताचे आहे याचा बोध होत नाही. यंत्राच्या दारास कागदी पट्टी लावून ते बंद करण्यात आले.’

पंच क्रमांक दोन बागेचा माळी. पंच क्रमांक एक मी. सही का केली, असं कोणी विचारेल. संशय मलाही होता. त्यांचा बरणीवर होता, माझा ‘अनुभव’ ह्या शब्दावर.

संध्याकाळी तेजस्विनी आली. बरणीवर डकवलेला पंचनामा तिने सावकाश वाचला, पंच क्रमांक एकची सही पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी झाडं बघू लागलो. मग ती बाकावर बेनकरांशेजारी जाऊन बसली.

"काका, तुम्ही लिहिलं त्यात चूक काही नाही," ती म्हणाली. "पण चार दिवसांत तेवीस झाले. त्यातले अकरा माझ्या वर्गातले. कोणी बोलूनच नाही राहिलं."

"आपलं काम हाय सांगायचं."

"हो ना. पण शंभर नाही झाले तर मी नापास. मग बाबा घेऊन जातात परत. बस, एवढंच आहे याच्या मागे. तुम्हाला पाहायचं होतं ना मागे काय आहे ते?"

बेनकरांनी बोटांवर हिशोब केला.

"शंभरच लागत्यात?"

"शंभरच."

ते उठले. पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली आणि पंचनाम्याखाली ‘पट्टी काढण्यात आली’ अशी नोंद करून तारीख घातली. दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा दिसू लागला.

आणि आकडा चढू लागला. तेजस्विनी सकाळी नऊला जाऊन बघे, तर आदल्या संध्याकाळपेक्षा दहा जास्त, बारा जास्त. दिवसाही माणसं थोडी थोडी वळू लागली होती, पण सकाळी नऊच्या आत एवढी गर्दी आमच्या बागेत कधी कोणी पाहिलेली नाही. तिला वाटलं यंत्र बिघडलं. मला वाटलं बेनकरांनी ते बिघडवलं. एवढी माहिती असलेला माणूस दाराच्या मागे हात घालू शकतो, हे उघड होतं. शिवाय रोज सकाळी सहाला ते फिरायला म्हणून बाहेर पडत आणि पाऊण तासाने परत येत, तेव्हा त्यांचा आवाज बसलेला असे. चालल्याने पाय दुखतात हे मला माहीत होतं. घसा बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. जिन्यात विचारलं तर म्हणाले, "हवा बदललीय."

नवव्या दिवशी आकडा शंभरावर थांबला. त्या दुपारी तेजस्विनीने कार्ड काढून आणलं आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी ऐकत बसलो. मी तयारीत होतो. उत्तरांच्या जागी नुसती यंत्राची घरघर ऐकू येईल आणि बेनकर सापडतील, असा माझा अंदाज होता.

पहिली तेवीस उत्तरं म्हणजे बहुतेक ‘हॅलो, चालू आहे का’ आणि वर्गातल्या मुलींचं हसणं. चोविसावा आवाज जाडाभरडा होता.

"हम वॉचमन हाय. उधर का. हमको सुमन मॅडम का लोणचा याद आता हाय. बेनकर मॅडम."

सुमन म्हणजे बेनकर वहिनी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पंचविसावा आवाज चिरका होता.

"मी सातवीत हाय. मला सुमनआज्जीचं लोणचं आवडतंय. ती कैरीच्या फोडी लई बारीक करती."

मग खाकरून, अत्यंत शुद्ध मराठीत, "नमस्कार. मी पहिल्या मजल्यावरचा. आमच्या घरी लोणचं विकतचं असतं. आमच्या हिला ते जमत नाही. परंतु बेनकर वहिनींनी एकदा वाटीभर दिलं होतं."

माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हे पुन्हा लावायला सांगितलं. मी माझा आवाज असा नाही म्हणालो. ती म्हणाली, आवाजाचं कोण बोलतंय.

असे चाळीसच्या वर जण होते. भाजीवाला, बसचा कंडक्टर, एक तान्ह्या मुलाची आई, एक परदेशी पाहुणा. सगळ्यांना सुमनचंच लोणचं आठवत होतं, आणि प्रत्येकाला त्याबद्दल नवीन काहीतरी माहीत होतं. मोहरी ती मिक्सरवर करत नाही, पाट्यावर रगडते. बरणीच्या तोंडाला नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचं फडकं बांधते. मधूनमधून खरी माणसंही होती, आणि बरणीने त्यांना हीच उत्तरं ऐकवलेली होती. एक बाई वैतागून म्हणत होत्या, "अहो, हे सुमनचं मिळतं कुठे? आमचा दुकानदार म्हणतो, त्याच्याकडे येतच नाही."

एक्क्याऐंशीवा पोस्टमन होता.

"मी पोस्टमन. सुमनताई मीठ बघाया नवऱ्याला हाक मारती. त्यानं बोट चाटून बरं हाय म्हटल्याबिगर बरणी झाकत न्हाई."

"पोस्टमनला हे कसं माहीत?" तेजस्विनी म्हणाली.

शंभराव्या वेळी कोणाचाच आवाज काढलेला नव्हता.

"ह्ये शेवटचं. दोन वरसं झाली. नातू ल्हान हाय, तिला येळ न्हाई, त्यात तिचीबी चूक न्हाई. पण मीठ बघाया कुणी हाक मारत न्हाई. बास. शंभर झालं."

बरणी म्हणाली, धन्यवाद, आंबट-बिंबट. आणि ठरल्याप्रमाणे तिने त्यांना आधीच्या कुणाचं तरी उत्तर ऐकवलं. ते सातवीतल्या मुलीचं होतं. ते पूर्ण संपेपर्यंत पावलांचा आवाज येत नाही.

"काका, काय करू मी याचं आता?" तेजस्विनीने विचारलं.

मी खरं ते लिही म्हणालो. तिने एकही नोंद वगळली नाही. अहवालाच्या शेवटी तळटीप दिली : ‘काही उत्तरे एकाच रहिवाशाची असावीत.’ बेनकरांना आम्ही काही बोललो नाही. माझी बायको मात्र दुसऱ्या दिवशी हिंजवडीला फोन लावून बराच वेळ बोलत होती. विषय नातवाच्या सर्दीचा होता, असं तिने मला सांगितलं.

तेजस्विनी पास झाली. परीक्षकांनी तळटीप वाचली नसावी, कारण त्यांचा शेरा असा आहे : ‘मांडणी ठीक. तथापि धायरी परिसरात ‘सुमन’ या स्थानिक ब्रँडची पकड अत्यंत मजबूत असल्याने नव्या कंपनीला तेथे वाव दिसत नाही. श्रेणी ब.’