भानुदासकाकांचे मुरलेले शर्ट

भानुदासकाकांना नव्या वस्त्राचा मोह आयुष्यात कधी झाला नाही. हे वाक्य एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्रात सहज खपेल, आणि आमच्या आष्टीत काही मंडळी ते त्याच सुरात म्हणतातही. मी त्यांच्या शेजारी राहतो. खरी गोष्ट एवढीच आहे की नवा शर्ट काकांना टोचतो.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. जमीन चांगली, दरवर्षी कापूस होतो. म्हणजे जगाला नवं कापड मिळावं यात त्यांचाही थोडा हात आहे. स्वतःच्या अंगावर मात्र उलटवून शिवलेली कॉलर, कोपरांना ठिगळं, आणि रंग असा की तो आज कोणता आहे यापेक्षा पूर्वी कोणता होता हे सांगणं सोपं.

लग्नाकार्यात आहेर म्हणून नवा शर्ट आला की काका तो घेऊन माझ्याकडे येतात. आमची अंगकाठी सारखी.

"सुधाकरा, हा घे. जरा चालवून दे."

नवा बैल गाडीला जुंपून बघायला द्यावा, तसा हा प्रकार. मग तो शर्ट घालून मी परतूरच्या कॉलेजात शिकवायला जातो, बाजारात जातो, एस.टी.त चेंगरतो. वर्ष-दीड वर्षानं कधीतरी काका माझी बाही दोन बोटांत धरून चोळतात आणि म्हणतात, "मुरला बराबर. काढ." एकदा हे त्यांनी परतूरच्या स्टँडवर म्हटलं. मी काढला नाही, तर घरापर्यंत माझ्या मागच्या सीटवर बसून आले.

काका-काकूंना मूलबाळ नाही. असतं, तर हे काम बहुधा त्याच्याकडे गेलं असतं.

शर्टांना नावं असतात. ज्या गावच्या लग्नातला आहेर, त्या गावचं नाव. "राजूरवाला आता कुठं बोलायला लागलाय," असं काका म्हणाले, की तो अजून चार-सहा महिने माझ्याकडे राहणार हे समजायचं. घाई केलेली त्यांना चालत नाही. "कापडाला माणूस लागावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी बायको सुनंदा या सगळ्याला कंटाळलेली. एकदा ती म्हणाली, "काका, यांना पगार तरी द्या."

काका गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, फुकट कपडे घालून राह्यला तो. पगार कशाचा?"



रुक्मिणकाकूंनी एकदा धाडस केलं होतं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई दारात आली, तेव्हा काका शेतात आहेत असं समजून त्यांनी तीन शर्ट बाहेर आणले. भांडेवालीनं एक शर्ट उन्हात धरला.

"मावशी, यातून मला तुमचं अख्खं घर दिसून राह्यलं," ती म्हणाली. "याच्यावर चमचा बी न्हाई येत."

काका गोठ्याआडून बाहेर आले ते खुशीतच. "बिलकुल बराबर! किंमतच न्हाई त्याची."

काकू तिन्ही शर्ट घेऊन आत गेल्या आणि सुईदोरा घेऊन बसल्या. त्यांचं शिवणकाम म्हणजे सुईत जो दोरा असेल तो. तपकिरी शर्टाला हिरवा टाका, पांढऱ्याला लाल. हात चालू असताना तोंडही चालू. "मी या घरात नांदायला आल्ते का रफू करायला?" काका समोर उघड्या अंगानं बसून राहायचे, कारण तोच शर्ट त्यांना लगेच घालायचा असायचा. टेलरकडे द्या म्हटलं तर म्हणायचे, "टेलर शिवतो. ही बसवती." त्या दोघांना दुसऱ्या कुठल्या विषयावर फारसं बोलताना मी ऐकलेलं नाही.

एका पुढाऱ्यानं गावात काकांचा सत्कार केला. साधी राहणी या विषयावर तो बराच वेळ बोलला. त्याचा सदरा इस्त्रीनं असा कडक झालेला की हात वर केला की आवाज यायचा. शेवटी त्यानं साधेपणाची कदर म्हणून काकांना एक भारी शर्ट दिला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या अंगात होता.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते गेल्यावरच. काका रडले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना हे आवडलं नाही. समोरचा रडेना, की सांत्वन करायला आलेल्या माणसानं हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. काका अंगणात एका तपकिरी शर्टात बसलेले असत. सुतकात तोच एक शर्ट. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा.

तेराव्याला काकूंचे दोघे भाऊ तीर्थपुरीहून पोशाख घेऊन आले. आमच्याकडे बायको गेली की तिच्या माहेरची माणसं नवा पोशाख आणतात. तो अंगावर चढला की दुखवटा संपला. त्याआधी पंगत बसत नाही. आणि सुतकात वापरलेले कपडे घरात ठेवत नाहीत, त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकतात.

थोरल्या आसाराममामांनी काकांना पाटावर बसवून शर्ट, धोतर आणि टोपी पुढे केली. "दाजी, कपडे चढवा."

काकांनी शर्ट हातात घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि न बघताच माझ्याकडे धरला.

"सुधाकरा, घे. चालव."

ज्याची बायको गेली त्याचा तो पोशाख, आणि माझी बायको समोरच मांडवात पत्रावळ्या मांडत होती.

"दाजी!" आसाराममामा ओरडले. "सूनबाई जिती हाये ना समोर!"

काकांनी हात एकदम मागे घेतला. "चुकलं," ते म्हणाले. "सूनबाई, चुकलं बरं का." पण शर्ट मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

धाकटे मामा तापट. "बहिणीचा शेवटचा मान हाये आमच्या. आमचं कापड चालंना का तुम्हाला? मंग आम्ही असेच उठतो."

"तसं न्हाई रे." काकांनी अंगातल्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "हा खिसा तिनं दवाखान्यात जायच्या सकाळी बसवला. दम लागत होता, तरी बसवला. हा काढला, की तुम्ही देऊन टाकणार."

आसाराममामा वाकले. तपकिरी शर्ट, हिरवा दोरा. टाक्यावरून बोट फिरवलं. "वाकडा हाये," ते म्हणाले. "ताईचाच हाये."

पण रीत ती रीत. आत स्वयंपाक निवत होता.

सुनंदाच पुढे आली. "काका, वरून घाला की. नवा अंगावर आला, झालं. आतला काढायचा असं कुणी सांगितलंय?"

म्हाताऱ्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. चढवायचं सगळ्यांना माहीत होतं. काढायचं असं कुणालाच नक्की आठवेना.

"तसं तर न्हाई सांगितलेलं कुणी," आसाराममामा म्हणाले, आणि स्वतःच शर्टाच्या घड्या मोडल्या.

काकांनी नवा शर्ट जुन्यावर चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. मामांनी टोपी घातली. पंगत बसली. काका पहिल्या ओळीत बसले, भाताचा पहिला घास घेतला, आणि त्यांच्या तोंडावरून पाणी वाहायला लागलं. कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून थेट पत्रावळीत. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "रडले बाई एकदाचे," कुणीतरी म्हणालं. धाकटे मामा उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवून आले.

मी शेजारीच जेवत होतो. मांडव पत्र्याचा होता, लाइट सकाळपासून गेलेली होती, आणि काकांच्या अंगात दोन शर्ट होते.