नवरदेवाच्या गाडीखालचे दीड मिलिमीटर

कान्ह्यापासून तिकोणा पेठेपर्यंतच्या रस्त्यावर जाताना सत्तावीस गतिरोधक होते आणि येताना अठ्ठावीस. राजेश्वरीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेले असल्यामुळे तिला हे चालण्यासारखे नव्हते. स्कूटी वळवून ती पुन्हा मोजत गेली, तेव्हा कळले की चूक तिची नव्हती. ती तिकोणा पेठेत चहा पीत होती तेवढ्या वेळात वाटेतल्या एका गावाने नवा गतिरोधक घातला होता. सिमेंट अजून ओले होते आणि त्यावर कुत्र्याच्या पावलांचे चार ठसे होते. तिने वहीत अठ्ठावीस लिहिले आणि प्रत्येकाची उंची पट्टीने मोजली. सर्वांत उंच बारा पूर्णांक एक दशांश सेंटीमीटर भरला.

मोजण्याचे कारण घरच्या अंगणात उभे होते. तिचे वडील रखमाजी लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याला वीस वर्षे इंद्रायणी तांदूळ पोचवत होते. बंगलेवाला कायमचा परदेशी निघाला आणि जाता जाता गॅरेजातली लाल स्पोर्ट्स कार अगदी स्वस्तात रखमाजींना देऊन गेला. तिला दारे दोन होती, आसने दोन होती आणि टायर चार होते. टायरांवर भेगा मात्र मोजण्यापलीकडच्या होत्या.

"भेगा न्हाई त्या, नक्षी हाय," रखमाजी म्हणाले.

"आबा, टायरवर तारीख असते. हे चौदा सालचे आहेत."

"मंग काय झालं? माझं धोतार त्याच्याआदीचं हाय."

पण टायर बदलणे भाग होते, कारण रखमाजी शब्द देऊन बसले होते. मुलाची, म्हणजे अमृतची, सुपारी फुटली त्या दिवशी तिकोणा पेठेत भर बैठकीत त्यांनी जाहीर केले होते की नवरदेव स्पोर्ट गाडीतून येईल. नवरीचे वडील मारुतराव पानाला चुना लावत म्हणाले होते, "येईल का ढकलत आणाल?" सगळी बैठक हसली होती. "ढकलत न्हाई, मारुतराव," रखमाजी म्हणाले होते, "आपल्या चाकावर येईल. न्हाई आली तर ह्यो फेटा परत डोक्याला लावणार न्हाई."

फेटा घरात एकच होता आणि तो आजोबांचा होता. अमृतला गाडी चालवता येत नव्हती. करवली म्हणून नवरदेवाशेजारी बसायचा मान राजेश्वरीचा होता आणि आसने दोनच असल्यामुळे चालवायचे कामही तिच्याकडेच आले. म्हणून गाडीचे पोट रस्त्यापासून किती वर आहे, हे तिने मोजले. रिकामी असताना अकरा सेंटीमीटर होते. ती आणि अमृत आत बसल्यावर नऊ पूर्णांक सहा. त्यातून बारा पूर्णांक एक जात नव्हते.

राजेश्वरी आणि रखमाजी कामशेतला सुहासच्या टायरच्या दुकानात गेले. सोबत तिसरा, रखमाजींचा मित्र भिकाजी. त्याने उभ्या हयातीत बैल सोडून काही विकत घेतले नव्हते. पण कुठल्याही खरेदीला तो लागायचाच.

"मूळ साइज मागवून देतो, काका," सुहास म्हणाला. "पुढं दोनशे पाच-पन्नास, मागं दोनशे पंचावन्न-चाळीस. रिम सतरा इंची."

"म्होरं बारीक अन् मागं थोराड," भिकाजी म्हणाला. "रखमा, ट्रॅक्टरच हाय की ह्यो!"

रखमाजींना हे एकदम पटले आणि गाडीबद्दलचा त्यांचा आदर वाढला.

"मूळ साइज नको," राजेश्वरीने वही उघडली. "पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच. भिंत उंच झाली की गाडी वर येते. पुढं दोनशे पंधरा-साठ घेतले आणि मागं दोनशे पस्तीस-पंचावन्न, तर चारी चाकं जवळपास सारख्या उंचीची होतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. आणि गाडी साडेसव्वीस मिलिमीटर वर येते."

सुहासने तिच्याकडे पाहिले, मग वहीकडे पाहिले. "ताई, हँडल पूर्ण फिरवलं तर पुढचा टायर आतून घासेल."

"रस्त्यात तेवढं वळण नाही. बघून आले."

"आणि काटा चुकेल. काटा साठ दाखवेल तेव्हा खरा वेग पासष्ट असेल."

"म्हंजी येग वाढला!" रखमाजी म्हणाले. "फुकटात?"

मग कंपनीचा प्रश्न आला. सुहासने इटलीच्या कंपनीचा एक, जपानच्या कंपनीचा एक आणि आपल्याकडचा एक, असे तीन टायर समोर उभे केले. पहिला वळणावर पकड सोडत नाही, दुसरा आवाज करत नाही आणि तिसरा लवकर झिजत नाही, असे त्याने सांगितले. रखमाजींनी तिन्हींना प्रदक्षिणा घातली.

"नाव कुणाचं मोठ्ठं लिवलंय?"

"नावावर काय आहे, आबा? भिंत कडक कुणाची ते बघायचं. मऊ असली तर वजनानं दबेल आणि मिळवलेली उंची जाईल."

"व्हय, पर मारुतरावाला भिंत दिसणार न्हाई. नाव दिसंल."

भिकाजीने मात्र टायर खाली वाकून पाहिले, अंगठ्याने दाबले, वास घेतला आणि आपल्याकडच्या टायरावर दोन थापा मारल्या. "खूर ह्याचं कडक हाय. बाकीची दोन शहरातली जनावरं. दगडाव लंगडतील."

राजेश्वरीने तिन्हींवर सारखेच वजन ठेवून भिंत किती दबते ते पट्टीने मोजले. निष्कर्ष तोच निघाला. सुहासने टायर बसवून दिले.

घरी येऊन राजेश्वरी आणि अमृत गाडीत बसले. बारा पूर्णांक पंचवीस. सर्वांत उंच गतिरोधकावर दीड मिलिमीटर उरत होता.

"दीड मिलिमीटर म्हंजी किती?" रखमाजींनी विचारले.

"रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढं."

"मंग लय हाय."

लय होते, पण केळवणे सुरू झाली. नवरदेवाला जेवायला बोलावल्याशिवाय मावळात एकही नातेवाईक स्वस्थ बसत नाही आणि जेवून आलेल्याला दुसऱ्या घरी वाढायचेही थांबत नाही. तेरा केळवणांत अमृत अठ्ठ्याऐंशी किलोंवरून ब्याण्णववर गेला. राजेश्वरीने हिशेब मांडला. दर दहा किलोंना गाडी एक मिलिमीटर खाली बसते. पुरणपोळीने नाण्यातले चार दशांश खाल्ले होते.

"अजून कामशेतची आत्या राहिली आहे," अमृत म्हणाला.

"आत्याकडं फक्त ताक."

"अगं, आत्या रडेल!"

"रडू दे. तुझ्या पोटात आबांचा फेटा आहे."

आत्या रडली. अमृत ताक पिऊन परत आला. राजेश्वरीने टायरांत थोडी जास्त हवा भरून हरवलेले चार दशांश परत मिळवले. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने अमृतला शेजारी बसवून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गतिरोधकांवरून गाडी नेली आणि परत आणली. कुठेही काही घासले नाही. रखमाजींनी फेटा इस्त्रीला दिला.

लग्नाच्या दिवशी लाल गाडी पुढे आणि वऱ्हाडाच्या जीपा मागे, अशी मिरवणूक निघाली. अमृतच्या मांडीवर नारळ होता, कपाळाला मुंडावळ्या होत्या आणि प्रत्येक गतिरोधकावर तो न सांगता श्वास रोखून धरत होता. सर्वांत उंच गतिरोधक आला आणि नाण्याच्या जाडीने गेला. अठ्ठाविसावा ओलांडल्यावर राजेश्वरीने पहिल्यांदा मागे आरशात पाहिले. जीपमधून डोके बाहेर काढून रखमाजी फेटा सावरत होते.

मांडव चाळीस पावलांवर राहिला तेव्हा तिने गाडी थांबवली. समोर एकोणतिसावा गतिरोधक होता.

मारुतराव हात जोडत पुढे आले. "या, या! काल सांच्यालाच घातला. म्हणलं, स्पोर्ट गाडी यायची, वाऱ्यावानी यायची, हितं पोरंसोरं खेळत्यात. आन् हळू झाली तर बायकांनाबी नीट दिसंल."

राजेश्वरीने उतरून पट्टी लावली. एकोणीस सेंटीमीटर.

"काका, एवढा उंच?"

"गाडी मोठी म्हणून गतिरोधकबी मोठा घातला, पोरी. उगं कमीपणा नको."

डावीकडे दगडी बांध होता आणि उजवीकडे आचाऱ्यांच्या चुली. बाजूने जायला वाट नव्हती. मागून रखमाजी आले आणि त्यांनी गतिरोधकाकडे, गाडीकडे आणि शेवटी मारुतरावांकडे पाहिले.

"नवरदेव हितंच उतरू द्या," मारुतराव म्हणाले. "चाळीस पावलं तर हाय."

"मांडवाच्या दाराशी पाय धुतल्याबिगर नवरदेवाचा पाय भुईला लागत न्हाई," भिकाजी म्हणाला. "आमच्यात न्हाई."

"आमच्यातबी न्हाई," मारुतरावांच्या मागून नवरीची आजी म्हणाली. तिच्या हातात तांब्या होता.

बँडवाल्यांनी वाजवायचे थांबवले. रखमाजींचा हात हळूहळू फेट्याकडे गेला.

"राजे," भिकाजी म्हणाला, "ह्याचं वजन किती?"

"गाडी तेराशे किलो. अमृत ब्याण्णव."

"आन् माणसं किती लागतील?"

तिने वहीच्या कडेला भागाकार केला. "चोवीस असतील तर माणशी अठ्ठावन्न किलो."

"तांदळाचं पोतं!" भिकाजी म्हणाला. "चला रं!"

दोन्हीकडची चोवीस माणसे गाडीभोवती वाकली. त्यात बँडवाले सात होते. पुढचा डावा कोपरा खुद्द मारुतरावांनी धरला होता. "हय्या!" म्हणताच नवरदेवासकट गाडी उचलली गेली आणि आत अमृतने नारळ छातीशी धरला.

"काय व्याही," मारुतराव धापा टाकत म्हणाले, "आपल्या चाकावर का?"

रखमाजी मागच्या चाकाशी गेले. त्यांनी एका हाताने फेटा धरला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवले. चाक हवेत गरगर फिरले.

"फिरतंय न्हवं?" ते म्हणाले.

राजेश्वरीने खाली बसून पट्टी लावली. गाडीच्या पोटापासून रस्त्यापर्यंत अडतीस सेंटीमीटर.